क्लृप्ती ओळखू आली की तिचा असर ओसरतो का?

अर्धविराम (धागाकर्ती)

अलंकार, प्रतिमा, पूर्वसूचना, लबाड निवेदक, शेवटची कलाटणी या सगळ्यांना मी या धाग्यापुरतं 'क्लृप्त्या' म्हणणार आहे. शास्त्री मंडळींनी माफ करावं. प्रश्न एवढाच आहे: लेखकाने नेमकं काय केलंय हे वाचता वाचता लक्षात आलं, तर त्याचा आपल्यावर होणारा असर ओसरतो का?

आपल्यापैकी बहुतेकांची अलंकारांशी ओळख 'खालील ओळीतील अलंकार ओळखा' या प्रश्नातून झालेली असते. 'चेतनगुणोक्ती' असं लिहिलं की गुण पदरात. ती ओळ वाचून आत काही हललं का, हे कोणी विचारत नाही. पुढे त्यातूनच दोन तट पडतात. एक म्हणतो, चिरफाड केली की कविता मेली. दुसरा म्हणतो, ज्याला कळतं त्यालाच खरा आनंद. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला बरं. क्लृप्तीला वाचकाकडून काय हवंय यावर सगळं अवलंबून आहे. काही क्लृप्त्यांना आपल्याकडून एखादी गोष्ट कबूल करून घ्यायची असते. त्या दिसल्या की लुळ्या पडतात. काहींना आपल्याला काहीतरी भोगायला लावायचं असतं: धास्ती, ओढ, हसू, हुरहूर. त्या दिसल्या तरी चालू राहतात, आणि कधी कधी तर दिसल्या तरच चालतात.

पहिल्या जातीतलं यमक घ्या. 'करावे तसे भरावे' म्हटलं की मान आपोआप डोलते. तेच 'माणसाला आपल्या कृत्यांचे परिणाम भोगावे लागतात' असं म्हणा, लगेच मनात येतं की छे, कितीतरी लबाड सुखात नांदताहेत. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिगबख्श यांनी २००० साली हेच तपासून पाहिलं. फारशी परिचित नसलेली इंग्रजी सुभाषितं घेतली. काही यमकासह, काही यमक मोडून, अर्थ तोच. ही वाक्यं माणसाच्या वागण्याचं कितपत खरं वर्णन करतात, असं लोकांना विचारलं. यमकवाली जास्त खरी वाटली. मात्र ज्यांना आधीच बजावलं होतं की म्हणणं आणि म्हणण्याची लय वेगळी धरा, त्यांच्या बाबतीत हा फरक बराच ओसरला. म्हणजे यमकाकडे बोट दाखवलं आणि त्याची अर्धी ताकद गेली.

बोला.

तिरकस

वाटणी फार सोयीची झाली. पटवणारं सगळं एका पेटीत, भोगायला लावणारं दुसऱ्या पेटीत. मग रूपक कुठल्या पेटीत टाकणार? 'आयुष्य म्हणजे लढाई' हे वाक्य मला काही पटवतंय की भोगायला लावतंय? मला दोन्ही एकदमच होताना दिसतं. लढाई म्हटलं की शत्रू आला, जिंकणं-हरणं आलं, माघार घेणं म्हणजे नामुष्की हेही आलं. एवढं सगळं माझ्या गळी उतरलं आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

उंबरठा

वाचतोय. धागा चांगला आहे, 'अलंकारांची यादी आणि उदाहरणे' असा नाही हे पाहून बरं वाटलं.

अर्धविराम

@तिरकस, तुमच्या शेवटच्या वाक्याशी माझं भांडणच नाही. विचारलं नाही, म्हणूनच उतरलं.

पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांचा २०११ सालचा प्रयोग याच्याशी जुळतो. एका काल्पनिक शहरातल्या वाढत्या गुन्हेगारीचा छोटा वृत्तान्त लोकांना वाचायला दिला. आकडे तेच. फक्त एका गटाच्या वृत्तान्तात गुन्हेगारी हे शहरावर झडप घालणारं श्वापद होतं आणि दुसऱ्याच्या वृत्तान्तात शहरात पसरणारा विषाणू. मग उपाय विचारले. श्वापदवाल्यांचा ओढा पकडा, कोंडा, शिक्षा वाढवा इकडे जास्त. विषाणूवाल्यांमध्ये कारणं शोधा, परिस्थिती सुधारा म्हणणारे तुलनेने अधिक. तुमच्या उत्तरावर कशाचा प्रभाव पडला असं विचारलं, तर बहुतेकांनी आकड्यांकडे बोट दाखवलं. रूपकाचं नाव घेणारे अगदी मोजके निघाले.

तेव्हा रूपकाला दोन्ही पेट्यांत पाय ठेवू द्या. त्यातला कबूल करून घेणारा भाग मात्र अंधारातच काम करतो.

कोरा_कागद

उत्साहावर थोडं विरजण घालतो. २०१४ मध्ये गेरार्ड स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच धर्तीचे प्रयोग केले, त्यात रूपक अजिबात नसलेला मजकूरही ठेवला. रूपकाचा तसा परिणाम त्यांना आढळला नाही. मूळ संशोधकांनी त्याला उत्तर दिलं आणि वाद पुढे चालू राहिला. त्यामुळे 'एका शब्दाने माणूस फिरतो' अशी दवंडी कोणी पिटू नये.

पण त्या २०११ च्या शोधनिबंधातली एक गोष्ट माझ्यासारख्या, दुसऱ्यांचे मसुदे तपासणाऱ्या माणसाला फार कामाची वाटते. तेच रूपक वृत्तान्ताच्या शेवटी ठेवून पाहिलं तेव्हा परिणाम दिसला नाही. आधी आलं तर पुढची माहिती त्याच्या साच्यात पडत जाते. शेवटी आलं तर सगळं आधीच जमून बसलेलं असतं, रूपक वर नुसतं ठेवलं जातं. आपल्याकडे लिहिणाऱ्यांची सवय बरोब्बर उलटी आहे. परिच्छेदभर साधं लिहायचं आणि शेवटच्या वाक्यात एक चमकदार प्रतिमा ठोकायची, टाळी घ्यायची, पुढे जायचं. असे मसुदे तपासताना मी ते शेवटचं वाक्य झाकून वाचतो. दहातल्या आठ वेळा काही बिघडत नाही. (दहातल्या आठ हा अंदाज आहे, त्यावरून प्रयोग लावू नका.)

रानवारा

तुम्ही सगळे छापील मजकुरात अडकलात. जरा नाटकाकडे या.

शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या सुरुवातीला दुर्वास शाप देतो. तो ऐकतात अनसूया, प्रियंवदा आणि आपण. शकुंतला स्वतःच्याच विचारात हरवलेली, तिला पत्ताही नाही. सख्या तिला पुढेही सांगत नाहीत. पाचव्या अंकात राजा तिला ओळख देत नाही, तेव्हा त्या दोघांनाही ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक असते. ती अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामं निघतं. खुणेचा दागिना दिसला तरच शाप उतरणार हे आपण आधीच ऐकलेलं असल्याने पोटात खड्डा पडतो. तिला मात्र वाटतं की आता फक्त पुरावा गेला.

आता शाप काढून टाका आणि काय होतं बघा. महाभारतातल्या कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरी तो नाकारतो. ते तसंच रंगमंचावर आणलं असतं तर सबंध अंक आपण राजावर दात खात बसलो असतो. शापामुळे राग टेकवायला जागाच उरत नाही. तिची कीव येते, त्याचीही येते, आणि दोघांपैकी एकालाही हाक मारून सांगता येत नाही याची तडफड होते. कालिदासाने इथे काही लपवलेलं नाही. आपल्याला सगळं सांगून टाकलं आणि गप्प बसवलं, एवढीच त्याची क्लृप्ती. ती दिसते, नावासकट दिसते, आणि म्हणूनच चालते.

पानगळ

रानवारा, क्या बात है! यालाच जोडून हिचकॉकचं ते बॉम्बचं उदाहरण आहे ना, १९६२ च्या, फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोबरोबरच्या मुलाखतीतलं. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल आणि तो फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का. ठाऊक असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत बसली असतील, तर पंधरा मिनिटांचा ताण. त्याच गप्पा, पण आता एकेक शब्द जड होतो.

तिरकस

म्हणजे कलाटणी ही कनिष्ठ दर्जाची क्लृप्ती, असा निकाल लागला म्हणायचा? मला कलाटण्या आवडतात. शेवटच्या ओळीत पायाखालची सतरंजी ओढणारी कथा मिळाली की माझा दिवस सार्थकी लागतो. आणि तिथे तरी अर्धविराम यांचं म्हणणं कोसळतं. कलाटणी काही कबूल करून घेत नाही, ती अनुभवच देते. आणि ती आधी दिसली की खलास!

पानगळ

खलास होतेच असं नाही. लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये बारा लघुकथा घेऊन पाहिलं. काही कलाटणीच्या, काही रहस्याच्या, काही तशा शांत प्रकृतीच्या. काही वाचकांना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. ज्यांना सांगितला त्यांना कथा सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. २०१५ च्या जॉन्सन आणि रोझेनबॉम यांच्या अभ्यासात मात्र उलट निघालं, रहस्य फोडल्याने मजा कमी झाली. कोरा_कागद विरजण घालायच्या आत मीच घातलं.

मला वाटतं दोन्ही निकाल खरे असू शकतात, कारण 'कलाटणी' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत लेखकाने एक माहिती खिशात ठेवलेली असते आणि शेवटी ती काढून दाखवतो. ती कथा दुसऱ्यांदा वाचवत नाही. दुसरीत सगळी माहिती पहिल्या पानापासून उघड्यावर असते आणि आपणच ती चुकीच्या क्रमाने लावलेली असते. ती दुसऱ्यांदा वाचताना कथाच दुसरी होते.

लबाड निवेदक हा त्याचा उत्तम नमुना. ही संज्ञा समीक्षेत रूढ केली वेन बूथ यांनी, १९६१ मध्ये. पण मला इथे मराठीची एक खोड सांगायची आहे. आपल्या भाषेत कर्त्याला गायब करणं अतिशय सोपं आहे. कप 'फुटतो', दार 'लागतं', भांडण 'होतं', तोंडातून शब्द 'जातो'. समजा, एखादा निवेदक असं लिहितो:

'त्या दिवशी मी रागावलो नव्हतो. दार जरा जोरात लागलं. मग तिच्या आईचा फोटो खाली आला. काच झाडून घ्यावी लागली.'

पहिल्या वाचनात एक बिचारा गृहस्थ दिसतो. एकदा शंका आली की क्रियापदं बघत बसायचं. चार वाक्यांत 'मी' एकदाच आला, आणि तोही नकार द्यायला. बाकी सगळं घरात आपोआप घडत गेलं. काच कोणी झाडली तेसुद्धा वाक्याने गिळलं. आता क्लृप्ती पूर्ण उघडी पडली, आणि माझ्या लेखी ती दुसऱ्या वाचनातच खरी सुरू झाली.

उंबरठा

'काच झाडून घ्यावी लागली' वाचून काटा आला. आता स्वतःचे जुने मेसेज उघडून क्रियापदं तपासतोय.

तिरकस

पानगळताई, मान गये. खिशातली कलाटणी आणि उघड्यावरची कलाटणी. पण मला अजूनही खिशातली आवडते. एकदाच वाचण्यासारखं लिहिणं हा काही गुन्हा नाही.

जीर्णपर्ण

तुम्हा मंडळींचे प्रयोग २००० आणि २०११ चे. हा वाद फार जुना आहे, थोडं मागे नेतो.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये ध्वनीचा सिद्धान्त मांडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शब्दाचा सरळ अर्थ असतो, तो बसत नसेल तर ओढून घेतलेला लक्ष्यार्थ असतो, आणि या दोन्हींच्या पलीकडे जो सुचतो तो व्यंग्यार्थ. काव्याचा प्राण तिसऱ्यात. पुढे मम्मटाने एक उदाहरण चर्चेला घेतलं आहे, ते तुमच्या विषयाच्या अगदी नाकासमोर आहे. वाक्य फक्त 'सूर्य मावळला'. राजाने सेनापतीला म्हटलं तर अर्थ: आता हल्ला कर. दूतीने नायिकेला म्हटलं तर: निघ, भेटीची वेळ झाली. मजुरांमध्ये म्हटलं तर: काम थांबवा. गुराख्यांत: गुरं आत घ्या. वाच्यार्थ सगळ्यांसाठी एकच, व्यंग्यार्थ ज्याचा त्याचा. म्हणजे परिणाम वाक्यात बसलेला नाही. वाक्य, बोलणारा, ऐकणारा आणि वेळ या चौघांच्या मध्ये कुठेतरी तो उभा राहतो.

त्याच मम्मटाने काव्याची व्याख्या करताना म्हटलं आहे की निर्दोष आणि गुणयुक्त शब्दार्थ म्हणजे काव्य, मग ते 'क्वचित अलंकाराशिवायही' असेल. अलंकारशास्त्राचा एवढा मोठा पंडित व्याख्येतच अलंकाराला रजा देतो, याची शाळेच्या पुस्तकांनी कधी दखल घेतली नाही.

आणि क्षेमेंद्र. अकराव्या शतकातला, तोही काश्मीरचाच. तो म्हणतो, गळ्यात मेखला (म्हणजे कमरपट्टा) आणि कमरेला हार घातला तर लोक हसतील. औचित्य नसेल तर अलंकारही नको आणि गुणही नको. धागाकर्तीचा प्रश्न 'क्लृप्ती दिसली तर काय' असा आहे. क्षेमेंद्र बहुधा उलटा प्रश्न विचारेल: ती दिसलीच का? योग्य जागी असती तर तुम्ही तिच्याकडे न बघता तिच्यातून पलीकडे पाहिलं असतं. नजर अडकली याचा अर्थ मेखला गळ्यात आहे.

कोरा_कागद

जीर्णपर्ण काका, 'सूर्य मावळला'साठी दंडवत. पण क्षेमेंद्राशी इथे माझं जमत नाही.

व्हिक्टर श्क्लोव्हस्की या रशियन समीक्षकाने १९१७ च्या निबंधात म्हटलं की सवयीने आपल्याला वस्तू दिसेनाशा होतात आणि कलेचं काम त्या पुन्हा अनोळखी करून दाखवण्याचं. नजर अडकायलाच हवी, वेळ लागायलाच हवा. तो एवढ्यावर थांबला नाही. क्लृप्ती मुद्दाम उघडी करून दाखवणं हीसुद्धा एक क्लृप्ती आहे, हेही त्याने मांडलं. लेखक मध्येच थांबून म्हणतो, 'इथे खरं तर एक वादळ यायला हवं होतं, पण मला वादळं नीट लिहिता येत नाहीत.' आपण हसतो, आणि हसता हसता जास्तच विश्वास टाकतो.

आणि काका, आपल्या संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत दुसरं काय होतं? सूत्रधार येतो, नटीशी बोलतो, आज अमुक कवीचं अमुक नाटक करायचं आहे असं सांगतो. समोर जे चाललंय ते नाटक आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत जाहीर. तरी पाचव्या अंकात रानवाऱ्याच्या पोटात खड्डा पडतोच.

जीर्णपर्ण

सूत्रधाराचा मुद्दा मान्य. पण सूत्रधार योग्य जागी आहे म्हणूनच खपतो. पाचव्या अंकाच्या मध्यात येऊन त्याने कवीचं नाव सांगावं, मग बघू.

कोरा_कागद

हा बाण लागला. 😄

स्वरपेटी

मी कथा-कवितांचं अभिवाचन करते, त्यामुळे मला हा प्रश्न वेगळ्याच बाजूने भेटतो. वाचणारा थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, ओळ पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. गेलं ते गेलं. म्हणून कागदावर सुंदर दिसणारी गुंतागुंतीची उपमा बोलताना हमखास पडते. 'जसा' पासून 'तसा' पर्यंत पोचेपर्यंत ऐकणाऱ्याच्या हातून पहिलं टोक सुटलेलं असतं.

याउलट पुनरावृत्ती. कागदावर ती डोळ्यांना खुपते, संपादक काट मारतो. बोलताना मात्र सगळा डोलारा तिच्यावर उभा राहतो. एखादी ओळ तिसऱ्यांदा येणार हे श्रोत्यांना आधीच कळलेलं असतं. मला समोर दिसतं, ओठ हलायला लागतात. म्हणजे क्लृप्ती शंभर टक्के उघडी, आणि तरी तिसऱ्या वेळी डोळे भरतात, कारण ओळ तीच असली तरी मधल्या काळात कथेत कोणीतरी गेलेलं असतं. शब्द हलले नाहीत आणि अर्थ हलला. माझ्या पाहण्यात याच्याइतकी साधी आणि याच्याइतकी जबरदस्त क्लृप्ती दुसरी नाही.

आता भारूड आठवा. एकनाथांचा विंचू चावतो. पहिल्यांदा लोक हसतात, सादर करणारा लोळण घेतो, हेलकावे देतो. आणि रूपकाची किल्ली लपवलेलीही नाही. 'काम क्रोध विंचू चावला' असं तिथेच सांगून टाकलंय. कोडं घालून उत्तर हातात दिलं. आधुनिक लेखक हे करायला धजणार नाही, वाचकाला मूर्ख समजल्यासारखं होईल म्हणून. पण तिथे कोडं सुटण्यात गंमतच नव्हती. अर्थ माहीत असूनही विंचवाच्या वेदनेवर हसायचं, आणि हसता हसता ती वेदना आपलीच असल्याचं लक्षात येत राहायचं, अशी ती दुहेरी ओढ आहे. किल्ली दिली नसती तर नुसतंच हसू झालं असतं.

रानवारा

'शब्द हलले नाहीत आणि अर्थ हलला' हे मी ढापतो आहे. नाव देईन.

अर्धविराम

चर्चा माझ्या मूळ म्हणण्यापेक्षा पुढे गेली. आता थोडं हातात घेऊन बघू. दुःखाबद्दलचे दोन तुकडे बनवलेत. कुठला लागतो ते सांगा, आणि का लागतो तेही.

अ) 'तो गेला आणि घर पोरकं झालं. भिंती हुंदके देत होत्या. खिडकीबाहेर आभाळही रडत होतं.'

आ) 'तो गेल्याला आठवडा झाला होता. सकाळी तिने सवयीने दोन कप चहा केला. मग एक कप सिंकमध्ये ओतला.'

उंबरठा

आ. डोळे झाकून आ.

पानगळ

आ. पहिल्यात रडायचं काम भिंतींनी आणि आभाळाने उरकून टाकलंय, मला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. निसर्गावर माणसाचं दुःख लादायच्या या खोडीला रस्किन या इंग्रज समीक्षकाने १८५६ मध्येच नाव ठेवलं होतं. दुसऱ्यात 'दुःख' हा शब्दही नाही, ते मला आणावं लागलं. मी आणलं म्हणून ते माझं.

तिरकस

सगळ्यांच्या विरोधात जातो. दोन्ही सारखेच शिळे आहेत. भिंतींचे हुंदके कोणालाही जुने वाटतात, कारण ते मागच्या पिढीचं शिळेपण आहे. दोन कप चहा हे आपल्या पिढीचं. गेल्या काही वर्षांत किती कथांत, किती लघुपटांत, किती व्हॉट्सॲपी गोष्टींत हा दुसरा कप ओतला गेला आहे? 'दोन कप' दिसलं की मी पुढचं वाक्य स्वतःच म्हणतो. उंबरठा डोळे झाकून 'आ' म्हणतात ते खरंच डोळे झाकूनच म्हणतात, कारण इथे रडायचं हे त्यांना पाठ आहे.

उंबरठा

लागलं. पण खरं आहे.

कोरा_कागद

तिरकसरावांना पहिल्यांदाच पूर्ण पाठिंबा. आणि इथे धागाकर्तीच्या वाटणीत एक तिसरी जात घालावी लागेल. काही क्लृप्त्या दिसतात त्या आपण हुशार झालो म्हणून नव्हे, आपण त्या फार वेळा पाहिल्या म्हणून. भाषेत हे रोज घडतं. 'शब्द टोचले' यात आता कोणाला सुई दिसत नाही. ती एकेकाळची प्रतिमा आता साधं क्रियापद म्हणून कामाला लागली, त्यात वाईट काही नाही. वाईट अवस्था मधली. प्रतिमा पुरती मेलेली नाही आणि जिवंतही नाही, फक्त ओळखीची आहे. भिंतींचे हुंदके आणि दुसरा कप दोन्ही त्याच मधल्या अवस्थेत आहेत. नवा वाचक त्यावर अजून रडेल, मुरलेला वाचक जांभई देईल. वाक्य तेच.

अर्धविराम

हरकत मान्य आहे, पण फक्त मोडू नका, बांधूनही दाखवा. तिरकसराव, तुमचा 'इ' येऊ द्या.

तिरकस

सकाळपासून डोकं खाजवतोय. घ्या:

इ) 'विजेचं बिल अजून त्याच्याच नावाने येतं. नाव बदलायचा अर्ज तिने भरून ठेवलाय. सही केली आहे. तारीख घालायची तेवढी राहिली आहे.'

फार ग्रेट नाही, पण निदान मला पुढचं वाक्य आधी ठाऊक नव्हतं.

पानगळ

हे चांगलं आहे हो! उपमा नाही, रूपक नाही, एकही विशेषण नाही. मम्मटाची रजा इथे मंजूर झाली. 'सही केली आहे' या वाक्यामुळे जास्त लागलं. ती विसरलेली नाही, आळस केलेला नाही, सगळं केलं आणि एका जागी थांबली.

जीर्णपर्ण

तारीख घातली की त्या दिवसापासून तो नाही, असं होईल. हे मला सुचलं, तुम्ही लिहिलेलं नाही. याला म्हणतात ध्वनी.

स्वरपेटी

तिन्ही मोठ्याने वाचून पाहिले. 'अ' वाचताना माझाच आवाज नाटकी होतो, वाक्यंच तसं करायला लावतात. 'आ' मध्ये 'मग' च्या आधी थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यातच 'आता रडा' अशी सूचना जाते. 'इ' सपाट वाचला तरच चालतो. एका ठिकाणी जरी आवाज हलवला तरी पडतो. तिरकसराव, एक सूचना: 'तेवढी' काढा. त्या एका शब्दात तुम्ही श्रोत्याकडे डोळा मारताय.

तिरकस

'तारीख घालायची राहिली आहे.' बरोबर. काढला.

उंबरठा

एक बाळबोध प्रश्न. लहान मुलं तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. शेवट पाठ, राक्षस कधी येणार ते पाठ, एक शब्द बदलला तर ओरडतात. तरी राक्षस आला की पांघरूण ओढून घेतात. हे कुठल्या जातीत?

रानवारा

याच कोड्याचा अभ्यास रिचर्ड गेरिग या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या शेवटी केला होता. परिणाम ठाऊक असूनही ताण का टिकतो? त्याचं उत्तर साधारण असं की गोष्टीत बुडालेलं मन प्रत्येक प्रसंग नव्यानेच घडतोय असं धरून चालतं. बाहेरचं ज्ञान असतं, पण ते त्या क्षणी आत बोलावलं जात नाही. सगळ्यांना हे उत्तर पटलेलं नाही. मला पटतं, कारण शाकुंतलाचा पाचवा अंक मला पाठ आहे आणि दर वेळी वाटतं की आज कदाचित ती अंगठी असेल.

तिरकस

मग अर्धविराम, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं काय झालं? आणि उपरोध राहिलाच. ती एकच क्लृप्ती अशी आहे की वाचकाला दिसली नाही तर उलटा अर्थ घेऊन तो घरी जातो. इथे मी दर दोन महिन्यांनी त्याचा अनुभव घेतो. मागे मी एका कवितासंग्रहाला 'यापेक्षा जाड पुठ्ठा मी पाहिलेला नाही' म्हटलं, तर कवीने आभार मानले.

अर्धविराम

उपरोध आणि व्याजस्तुतीसाठी वेगळा धागा काढते, इथे कोपऱ्यात उरकायचा तो विषय नाही. पुठ्ठ्याचं उदाहरण तिथे पहिल्या प्रतिसादात टाका.

माझ्या पहिल्या प्रश्नाबद्दल: कबूल करून घेणाऱ्या क्लृप्तीला उजेड सोसत नाही, यावर मी अजून ठाम आहे. भोगायला लावणारीबद्दल रानवारा आणि स्वरपेटी यांनी मी म्हटलं त्यापेक्षा जास्त दिलं. शिळेपणाची जात कोरा_कागद यांच्या नावावर. खिशातल्या कलाटणीचं मात्र मला अजून काही करता येत नाही. ती अनुभव देते आणि दिसली की मरते. तिरकसराव, तेवढा एक गड तुमचा.

तिरकस

'तेवढा' काढा.